आजारी माणसाशी सरळ बोला

छातीत पाणी झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून त्याने पाणी पिणं सोडलं. गोदीत हमाली करणारा माणूस, मे महिना, अंगातून घामाच्या धारा आणि ओठांवर पापुद्रे आलेले. काउंटरवर हात टेकून मला म्हणाला, “ताई, दिवसाला एक फुलपात्र घेतो फक्त. आत आधीच भरलंय, त्यात आणखी कशाला भर?” त्याला मोह होऊ नये म्हणून बायकोने घरातला माठ शेजारणीकडे नेऊन ठेवला होता.

फुप्फुसाभोवती दोन पातळ आवरणं असतात. क्षयरोगात त्यांना सूज आली की मधल्या जागेत द्रव साचतो. बोलताना त्याला सगळेच ‘पाणी’ म्हणतात. आपण तांब्याने पितो त्या पाण्याशी त्याचा काही संबंध नसतो. औषधं सुरू झाली की हा द्रव हळूहळू शोषला जातो, फार साचला असेल तर सुईने काढतात. चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूला चित्र काढून मी त्याला हे समजावलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “मग पाणी कशाला म्हणायचं?”

त्याचा प्रश्न रास्त होता. हा माणूस अडाणी नव्हता. कुठल्या गोदामात कुठला माल किती पोती उतरला, हे त्याला वहीशिवाय सांगता यायचं. घाबरलेला कोणीही जे करेल तेच त्याने केलं. कानावर पडलेला शब्द जसाच्या तसा धरला आणि त्याप्रमाणे वागला. धडधाकट माणसांशी आपण ज्या लकबीने बोलतो, त्याच लकबीने आजारी माणसाशी बोलणं थांबवलं पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं. आणि आजारी माणूस जे सांगतो, ते ‘बोलायची पद्धत आहे’ म्हणून सोडून देणंही थांबवलं पाहिजे. या दुसऱ्या गोष्टीने जास्त नुकसान होतं. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आमचं औषधांचं दुकान शिवडीत आहे, टी. जे. रोडपासून जरा आत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला तेव्हापासून लोक शिवडीचं नाव पुलासाठी घेतात. त्याआधी कित्येक वर्षं मुंबईत शिवडी म्हणजे जेरबाई वाडिया मार्गावरचं महापालिकेचं क्षयरोग रुग्णालय. ‘त्याला शिवडीला ठेवलाय’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. ‘ठाण्याला’ किंवा ‘येरवड्याला’ म्हटल्यावर लोक तिथलं मनोरुग्णालय समजतात, तसंच हे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा शिवडीला असतो हे ऐकून गावच्या एका मावशीने आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, “कधीपासून?” तिला वाटलं, तो तिथे भरती आहे.

क्षयाची औषधं २०१४ पासून एच-वन यादीत आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध, गोळ्या किती दिल्या, हे सगळं वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. २०१८ पासून अशा रुग्णाची माहिती सरकारला कळवणं आम्हा दुकानदारांनाही बंधनकारक झालं. सरकारी केंद्रात ही औषधं फुकट मिळतात. पण तिथून औषधं घेणारे लोकही आमच्याकडे येतात. जोडीची जीवनसत्त्वाची गोळी घ्यायला येतात, खोकल्याची बाटली घ्यायला येतात आणि मुख्य म्हणजे विचारायला येतात. डॉक्टरांच्या समोर दोन मिनिटांत विचारता आलं नाही ते दुकानाच्या पायरीवर उभं राहून विचारतात. त्यामुळे दवाखान्यात काय बोललं गेलं आणि घरी काय समजलं गेलं, यातलं अंतर मला रोज दिसतं.

मराठी बोलण्यात मरण पदोपदी येतं. मरणाचा उकाडा, मरणाची गर्दी, हसून हसून मेले, काम करून जीव गेला, पोरांपायी रक्त आटवलं. लालबाग-परळच्या चाळींमध्ये मी वाढले. तिथे आई लेकराला ‘मेल्या’ म्हणते ते लाडाने. नळावर भांडण झालं की दोघी एकमेकींचे मुडदे बसवतात आणि संध्याकाळी विरजण मागायला एकमेकींच्याच दारात जातात. या भाषेवर माझं प्रेम आहे. तिचं तिखट काढून टाकावं असं मला कधीही वाटलेलं नाही.

पण हीच भाषा दुसऱ्या बाजूने किती भितेही! आपण दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तिन्हीसांजेला कोणी वेडंवाकडं बोललं तर आजी दटावायची, “असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.” वास्तुपुरुषाला उपमा-अलंकार कळत नाहीत. तो जे ऐकतो तेच खरं धरतो आणि ‘तसंच होवो’ म्हणतो. आजारी माणूस घरातल्या त्या वास्तुपुरुषासारखा ऐकतो.

‘डाग’ हा शब्द घ्या. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसावर पांढुरका ठिपका दिसला की डॉक्टर म्हणतात, ‘डाग आहे’. सगळे म्हणतात, आम्हीही म्हणतो. आता लग्नाच्या वयाची मुलगी आणि तिची आई हा शब्द कसा ऐकत असतील याचा विचार करा. आपल्याकडे डाग लागतो तो चारित्र्याला, घराण्याला. कोळीवाड्याच्या बाजूची एक बाई मुलीची फाइल पदराखाली धरून आली होती. तिने मला मुलीचा ताप सांगितला नाही की घटलेलं वजन सांगितलं नाही. पहिलं वाक्य होतं, “बाय, आमच्या पोरीला कशाचा डाग लागेल? ती कुठे जात नाही की येत नाही.” मुलीचा दोष नाही, हे पटवण्यातच तिचा सगळा वेळ गेला. जंतू हवेतून येतो, लोकलच्या डब्यात, कारखान्यात, शेजारच्या खोलीत कोणी खोकलं तरी येतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितला होता तो डाग.

आणि हा शब्द आजार बरा झाल्यावरही पाठ सोडत नाही. सहा महिन्यांचे उपचार पूर्ण होतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. थुंकीत जंतू सापडत नाही, वजन भरतं, माणूस बरा होतो. पण जिथे जखम होती तिथे व्रण राहतो. पुढे कधी एक्स-रे काढला की तो व्रण दिसतो, आणि अहवाल वाचणारा घरी जाऊन सांगतो, ‘डाग अजून आहे’. सासरी एवढं पुरतं. गुडघा फुटल्यावर राहिलेल्या खुणेला आपण जखम म्हणत नाही, खूण म्हणतो. इथेही ‘जुन्या आजाराची खूण आहे, आजार नाही’ असं म्हणायला किती वेळ लागतो?

सरकारी कागदांवरचे शब्दही असेच लागतात. औषध मध्येच सोडणाऱ्या रुग्णाला वर्षानुवर्षं ‘डिफॉल्टर’ म्हटलं जायचं आणि ज्याची तपासणी व्हायची आहे त्याला ‘सस्पेक्ट’. मुंबईत डिफॉल्टर कोणाला म्हणतात? बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याला, सोसायटीचा मेंटेनन्स थकवणाऱ्याला. ज्यांची नावं फळ्यावर लागतात ते. आणि सस्पेक्ट म्हणजे पोलीस ज्याला चौकीवर नेतात तो. एका टॅक्सीवाल्या काकांच्या फाइलवर कोणीतरी लाल शाईने ‘डिफॉल्टर’ हा शब्द लिहिला होता. ते मला विचारत होते, “मी कोणाचे पैसे बुडवले?” गावी आई आजारी होती म्हणून ते महिनाभर गेले होते आणि तिथे औषध मिळालं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये हे दोन्ही शब्द आपल्या व्याख्यांमधून काढले. त्याजागी ‘पाठपुरावा सुटलेला’ आणि ‘संभाव्य रुग्ण’ अशा अर्थाचे शब्द आले. मला ही मोठी सुधारणा वाटते. पण तोंडातून जुने शब्द जायला अजून वेळ आहे.

सगळ्यात जड वाक्य म्हणजे ‘आता सगळं देवाच्या हातात’. हे वाक्य बोलणारा डॉक्टर निर्दय नसतो. उलट त्याला कणव असते, म्हणूनच तो ‘वाचण्याची शक्यता कमी आहे’ असं तोंडावर म्हणत नाही. पण ऐकणारा कोकणातल्या गावाहून आलेला भाऊ आहे. त्याच्यासाठी देवाचे हात म्हणजे बोलण्यातली सजावट नाही. गावात देऊळ आहे, गुरव आहे, कौल लावायची रीत आहे. एका भावाने हे वाक्य ऐकलं, आजाऱ्याला घरी नेण्याच्या कागदावर सही केली आणि रात्रीच्या गाडीने त्याला गावी घेऊन गेला. डॉक्टरांनीच देवाचं नाव घेतलं म्हटल्यावर औषधाच्या पिशवीची त्याला गरज वाटली नाही. ती मुंबईच्या खोलीतच राहिली. पंधरा-वीस दिवसांनी तो परत आला तेव्हा आजाऱ्याला पाठुंगळी घेऊन आला. उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. हे मला त्या भावानेच सांगितलं. सांगताना त्याच्या आवाजात कोणावर राग नव्हता. “त्यांनीच सांगितलं ना, देवाच्या हातात,” एवढंच तो म्हणत होता.

त्या डॉक्टरांना म्हणायचं होतं : औषधं चालूच ठेवायची आहेत, पण यश येईलच असं मी सांगू शकत नाही. हे वाक्य कठोर नाही. ते खरं आहे आणि त्यात पुढे काय करायचं तेही आहे.

एका शब्दाने अख्खं शहर हादरलं, तेही आपल्या समोर घडलं आहे. २०१२ च्या जानेवारीत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या काही रुग्णांच्या नोंदींची बातमी आली. तपासलेलं एकही औषध त्या रुग्णांच्या जंतूंवर चालत नव्हतं. अशा क्षयाला त्यांनी ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ म्हटलं. इटली आणि इराणमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी त्याआधी केलेल्या होत्या. हिंदुजाच्या डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली ती योग्यच वाजवली, त्यामुळे यंत्रणा हलली. पण ‘टोटली’ हा शब्द शिवडीच्या गल्ल्यांत पोहोचला तो ‘आता कशाचाच उपयोग नाही’ असा होऊन. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी हे नाव वापरू नये असं ठरवलं, कारण प्रयोगशाळेत जे तपासता येतं त्यापलीकडेही औषधं असतात आणि नवी येत असतात. झालंही तसंच. डिसेंबर २०१२ मध्ये बेडाक्विलीन या नव्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, २०१६ पासून ते आपल्या सरकारी कार्यक्रमात यायला लागलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने अवघड क्षयासाठी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी, चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला. पूर्वी याच आजाराला दीड-दोन वर्षं लागायची.

आता दुसरी बाजू. आजारी माणूस शब्दशः सांगतो आणि आपण ते अलंकार म्हणून ऐकतो.

माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजला जातो ते खातं. तिथे हवेत इतकी तूस उडते की माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. ते मालवणीत म्हणायचे, “माझ्या छातीत कापूस बसलो हा.” घरी, शेजारी, दवाखान्यात, सगळीकडे हेच एक वाक्य. ते सगळ्यांना बोलायची तऱ्हा वाटायचं. छातीवर दगड ठेवला म्हणतात, घशात आवंढा अडकला म्हणतात, तसं काहीतरी. खोकला, धाप, उतरलेलं वजन आणि पत्ता गिरणगावातला, म्हटल्यावर एका दवाखान्यात त्यांना क्षयाची इंजेक्शनं सुरू झाली. थुंकीत जंतू सापडला नव्हता. इंजेक्शनांनी काही फरक पडला नाही, तेव्हा ‘नीट घेत नसतील’ असा शेरा मिळाला.

पुढे एका वयस्कर डॉक्टरांनी त्यांना दोनच प्रश्न विचारले. कोणत्या खात्यात आहात? आणि त्रास सोमवारी जास्त होतो का? वडील चमकले. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी दुपारपासून छाती आवळायची, हे त्यांना माहीत होतं, पण कोणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि जगभरच्या गिरण्यांत त्याला ‘सोमवारचा ताप’ म्हणून ओळखतात. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं हीच त्याची खूण. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये या रोगाचा अभ्यास केला आहे. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव व्यावसायिक आजार म्हणून होतं. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला, गिरणीचं दार बंद झालं आणि काही महिन्यांत वडिलांचं सोमवारचं आवळणं थांबलं. धाप मात्र शेवटपर्यंत राहिली, कारण फुप्फुसाचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं.

‘छातीत कापूस बसलो हा’ यात एकही अक्षर अलंकाराचं नव्हतं. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा तर तो आजाराच्या नावाने करावा लागतो, आणि नाव उशिरा कळलं, अर्ज करायची वेळ आली तोवर तो घ्यायला गिरणी उरली नव्हती. गिरणगावात असे किती खोकले क्षयाच्या खात्यावर जमा झाले असतील, याचा हिशेब आता कोणी मांडू शकणार नाही. मला त्याचा त्रास होतो.

आज त्या कापसाच्या जागी दुसरी वाक्यं आली आहेत. ‘कान वाजतात’. मराठीत कान वाजणं म्हणजे भास होणं. कोणी हाक मारली नसताना ओ दिली तर आपण म्हणतो, ‘तुझे कान वाजतायत’. अवघड क्षयासाठी पूर्वी कानामायसीनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यायचे. त्या औषधाने कानाच्या आतल्या पेशी मरतात. आधी कानात घंटा किंवा शिट्टी वाजल्यासारखं होतं, मग ऐकू येणं कमी होतं आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. एक कॉलेजातला मुलगा घरी सांगत राहिला की कान वाजतात आणि घरचे त्याला ‘फार विचार करतोस’ म्हणत राहिले. त्याच आठवड्यात कानाची तपासणी झाली असती तर औषध बदलता आलं असतं. आता तो समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हे औषध वापरू नये असं सांगितलं आणि तोंडाने घ्यायच्या औषधांवर भर दिला. त्या मुलासाठी ते उशिरा आलं.

‘हातापायांना मुंग्या येतात’ म्हटल्यावर आपण पाय झटकायला सांगतो. पण आयसोनियाझिड घेणाऱ्या माणसाला आलेल्या मुंग्या या नसांवरच्या परिणामाची सुरुवात असू शकते. म्हणून तर त्याच्या जोडीला ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. ‘तळपायाची आग होते’ म्हटल्यावर आपल्याला राग आठवतो, पण लिनेझोलिड घेणाऱ्या माणसाच्या तळपायाची खरोखर आग होते. रात्री ओलं फडकं गुंडाळून झोपणारे लोक मला माहीत आहेत. ‘रंग उडालेले दिसतात’ असं कोणी म्हणालं तर ते कंटाळ्याचं बोलणं समजू नका. इथॅम्ब्युटॉलने डोळ्याच्या नसेवर परिणाम होऊन लाल-हिरवा रंग नीट ओळखू येईनासा होतो, आणि वेळेत थांबवलं तर नजर वाचते. या सगळ्या गोष्टी रुग्ण आपल्या साध्या मराठीत अगदी अचूक सांगतो. अडचण एवढीच की त्याच शब्दांचे वाक्प्रचार आपल्याला पाठ आहेत. आपल्याला वाक्प्रचार ऐकू येतो, तक्रार ऐकू येत नाही.

एका वाक्याबाबत मी फार सावध असते. ‘जीव नकोसा झालाय’. दिवसातून कितीतरी गिऱ्हाइकं हे वाक्य बोलतात. गुडघेदुखीवर बोलतात, पाण्याच्या टंचाईवर बोलतात, सुनेवर बोलतात. तिथे ते बोलणंच असतं. पण अवघड क्षयासाठी दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरीन या औषधाने काही जणांना खोल उदासी येते, भास होतात, आयुष्य संपवावं असे विचारही येतात. ते औषध चालू असलेला माणूस हे वाक्य बोलला, तर मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि सरळ विचारते, “म्हणजे स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?” असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही. उलट विचारल्यावर माणसं सुटकेचा श्वास सोडतात, कारण त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच कोणीतरी आहे तसं ऐकलेलं असतं. मग घरच्यांना बोलावता येतं, डॉक्टरांना फोन लावता येतो, औषध बदलता येतं.

डॉक्टर मंडळींना यावर काय वाटतं ते मला माहीत आहे. ओपीडीच्या रांगेत शंभर माणसं उभी असताना शब्द तोलायला वेळ कुठून आणायचा? त्यांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. पण ‘छातीत पाणी’ आणि ‘फुप्फुसाच्या आवरणात सूज येऊन द्रव साचलाय, पाणी मात्र भरपूर प्या’ यात काही सेकंदांचंच अंतर आहे. त्या सेकंदांमुळे पुढचे चार खेटे वाचतात. आणि सांगून झाल्यावर रुग्णाला एकदा म्हणावं, “आता घरी गेल्यावर बायकोला काय सांगणार, ते मला सांगा.” तो जे सांगेल त्यातून आपला शब्द त्याच्याकडे कसा पोहोचला ते लगेच उघड होतं. मी काउंटरवर हे नेहमी करते. लघवी लाल झाली म्हणजे रक्त जातंय असं समजून गोळ्या गटारात टाकणारे लोक मी यामुळे थांबवू शकले आहे. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू सगळंच नारिंगी-लाल होतं, ते औषध अंगात गेल्याचं चिन्ह असतं. हे आधी सांगितलं की कोणी घाबरत नाही.

सुझन सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ मध्ये ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ हे पुस्तक लिहिलं, क्षय आणि कर्करोगावर लादलेल्या रूपकांबद्दल. ती तेव्हा स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेली होती. आजाराकडे रूपकं बाजूला सारून पाहावं, हे तिचं म्हणणं मला पटतं. पण मराठीसारख्या भाषेतून ती साफ निघतील असं मला वाटत नाही, आणि निघावीत असंही वाटत नाही. गल्लीत, नळावर, नाटकात, कीर्तनात ती राहू देत. आजाऱ्याच्या उशाशी, दवाखान्याच्या टेबलावर आणि औषधाच्या काउंटरवर ती नकोत, एवढंच माझं मागणं आहे.

हे मी वर्तमानपत्रात लिहिते आहे, म्हणून वर्तमानपत्रांकडेही एक मागणं. ‘मृत्यूशी झुंज अपयशी ठरली’ हे वाक्य कृपया बंद करा. आमच्याकडे औषध घ्यायला येणारा एक मुलगा एका नटाच्या निधनाची बातमी वाचून मला विचारत होता, “ताई, माझी झुंज कमी पडतेय का?” त्याचा खोकला कमी होत नव्हता, कारण त्याचा जंतू पहिल्या औषधांना दाद देत नव्हता. त्याच्या मनाच्या ताकदीचा तिथे काही प्रश्न नव्हता. माणूस आजाराने मरतो, हरून मरत नाही. ‘दीर्घ आजाराने निधन’ असं लिहिलं तर बातमीत काहीही कमी होत नाही.

घरात कोणी क्षयाचं औषध घेत असेल तर त्याने सांगितलेलं प्रत्येक वाक्य आधी शब्दशः खरं धरा. कान वाजतात म्हणाला, तळपाय जळतात म्हणाला, रंग फिके दिसतात म्हणाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, औषध आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांचा एखादा शब्द कळला नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका, आणि डॉक्टर भेटत नसतील तर जवळच्या औषधाच्या दुकानात विचारा. क्षयाबद्दल सरकारचा निक्षय संपर्क हा फोन क्रमांक १८००-११-६६६६ आहे, आणि जीव नकोसा झालाय असं कोणी म्हणालं तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६. दोन्ही फोन फुकट लागतात.